हारगिळ्याची मान

हारगिळ्यानं सिदूचा डावा पाय मांडीपासून उपटला आणि उसाच्या कांडीसारखा सोलून खाल्ला, तेव्हा सिदू मिरचीची भजी खात होता. त्यानं हातातलं भजं कागदावर ठेवलं.

"डावाच कावून?"

"त्याला डावा सापडला," आदिनाथ म्हणाला. "आता तू रांगतोयस. मागं रक्ताचा पाट. त्या रक्ताला मुंग्या लागल्यात, आन मुंग्या तुझ्या अंगठ्याएवढ्या हायत."

"मेंढरं?"

"मेंढरं पळाली."

"माझी मेंढरं मला टाकून पळत न्हाईत." सिदूला पायापेक्षा हे जास्त लागलं. खेळाबाहेरही तो मेंढपाळच होता, आणि त्याची मेंढरं त्या वेळी शेडबाहेरच्या बाभळीखाली त्याची वाट बघत निमूट उभी होती.

हा खेळ आदिनाथनं पुण्याहून आणला होता. पुण्यात त्यानं नोकरी केली, ती गेली, खेळ राहिला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणी कुणाला कापलं याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. गोष्ट जग संपल्यानंतरची. आदिनाथनं शिरूर कासारला फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी जग संपवायला सुरुवात केली. नकाशा काढायला त्याला कष्ट पडले नाहीत. दिवाळीनंतर निम्मा तालुका ऊसतोडीला गेल्यावर जसा दिसतो, तसा त्यानं काढला. जग कशानं संपलं हे त्यानं ठरवलंच नव्हतं. खेळणाऱ्यांनीही विचारलं नाही. त्यांना त्यात नवल वाटलं नसावं.

खेळणारे दोघंच. एक सिदू. दुसरी त्याची चुलत बहीण बबिता, जिचं शेजारीच ब्लाउज शिवायचं दुकान होतं. खेळात ती कात्रीनं लढायची आणि समोरच्याचा गळा कापण्याआधी त्याचं माप घ्यायची.

अडचण प्राण्यांची होती. जग संपलं की प्राणी बिघडतात, असा या खेळाचा नियम. सुरुवातीला आदिनाथनं इंटरनेटवरचे बिघडलेले प्राणी आणले. दोन तोंडांचा उंदीर ऐकून सिदूनं जांभई दिली होती.

"ह्येला कावून भ्यायचं बे? आमच्या सोसायटीचा चेअरमन दोन तोंडांचा हाय. रोज रामराम घालतो मी त्याला."

मग आदिनाथनं मनावर घेतलं. कोरड्या पडलेल्या बोअरमधून वर येणारी जळू त्यानं काढली. ती झोपलेल्या माणसाच्या टाळूला चिकटायची आणि सकाळी त्याचं वाळकं बोर करून सोडायची. मग कोपराखाली हाताऐवजी लोखंड उगवलेली माणसं काढली, त्यांचं नाव कोयते. ते जोडीनंच यायचे, कारण तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; नवऱ्याचं मुंडकं उडवलं तर बायको रडत नसे, दुप्पट वेगानं कापायची. बबिता त्या बायकोच्या हातून एकदा आतडी बाहेर येईपर्यंत चिरली गेली आणि म्हणाली, "ही बरी हाय. हिला पुन्हा आणा."

हारगिळ्या हा आदिनाथचा सगळ्यात जिवापाड केलेला प्राणी. आठ फूट उंच. गळ्यात हार, पण हार झेंडूचे राहिले नव्हते. ते गळ्यात रुतून मांसाचे झाले होते आणि श्वासाबरोबर हलायचे. डोक्यावरचा फेटा टाळूतूनच उगवलेला. आणि पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, माणसांची मुंडकी ओळीनं फुटलेली, सगळी समोर बघून हसणारी. त्याचा चेहरा आदिनाथनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुन्या बॅनरांच्या फोटोंमधूनच जोडला. एकाचं नाक, दुसऱ्याच्या मिशा, तिसऱ्याचा गॉगल.

"मारायचं कसं ह्येला?" बबितानं विचारलं.

"शाल टाकायची. शाल दिसली की हा मान वाकवतो, आन फोटो निघेपर्यंत हलत न्हाई. तेवढ्यात मानेवर घाव घालायचा. पण त्याच्या आधी पाठीवरच्या सगळ्या मुंडक्यांची नावं घ्यावी लागतात, मानानं. एक नाव राह्यलं की ते मुंडकं पाठीवरून सुटतं आन दिसंल त्याचा गळा धरतं."

"दिसंल त्याचा? आपल्याच माणसाचा बी?"

"आपल्याच माणसाचा आधी."

बबितानं मान तिरकी केली. गिऱ्हाइकाचं माप मनातल्या मनात घेताना ती अशीच करायची. तेवढ्यात लाईट गेली, पंखा थांबला, आणि एका पायाचा सिदू हारगिळ्यासमोर रांगत असतानाच खेळ पुढच्या रविवारवर गेला.

मधल्या आठवड्यात अमरसिंहदादांचा वाढदिवस होता.

दादा तालुक्याचे नेते. कुठल्या पदावर होते हे विचारायची पद्धत नव्हती. त्यांच्या वाढदिवसाचा बॅनर दरवर्षी आदिनाथच छापायचा. वर दादा उभे, मागं सिंह, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची ओळ. ओळीतलं पहिलं मुंडकं सुग्रीवअण्णांचं. सुग्रीव हा दादांचा उजवा हात, आणि हा हात लोकांच्या कानाखाली वाजताना तालुक्यानं बऱ्याचदा ऐकला होता. सुग्रीवचा फोटो यंदाही वेळेवर आला नाही. जागा रिकामी राहिली तर ओळ सरकते, म्हणून आदिनाथनं तिथं हाताशी असलेलं मुंडकं टाकून ठेवलं. ते हारगिळ्याचं होतं. खाली नाव हवं म्हणून त्यानं गमतीनं टाईप केलं: मा. हारगिळे अण्णा. फोटो आला की बदलू. मग लाईट आली. शिरूरात लाईट आली की माणूस विचार करत नाही, प्रिंट मारतो.

बॅनर चौकात लागला. लोकांनी बघितला. कुणाला काही खटकलं नाही.

"हे अण्णा कुठले?" हॉटेलात एकानं विचारलं.

"पाटोद्याकडले असतील. फेटा बांधलाय म्हंजे कुणीतरी हायतच."

वाढदिवसाच्या सभेत दादांनी आभार मानले, तेव्हा बॅनरकडे बघत पहिलं नाव हारगिळे अण्णांचंच घेतलं. टाळ्या पडल्या. सुग्रीव तेव्हा स्टेजमागं जेवणाच्या रांगेत एकाला बुकलत होता, म्हणून त्याला कळायला रविवार उजाडला.

रविवारी खेळ जिथं थांबला होता तिथून सुरू झाला. सिदू रांगत होता, हारगिळ्या त्याच्या दुसऱ्या पायाकडं बघत होता, आणि शेडचं दार लाथेनं उघडलं.

पुढं सुग्रीव, हातात कुदळीचा दांडा. मागं सटवा आणि शहादेव, त्याच्या हाताखालची पोरं. पहिला दांडा आदिनाथच्या पाठीत बसला, दुसरा खुर्चीवर, कारण तोवर आदिनाथ खुर्चीवर नव्हता. सिदू मधे पडला. शहादेवनं त्याच्या तोंडावर कोपर मारलं, ओठ फाटला, आणि सिदू भज्यांच्या कागदावर दात थुंकून त्या दाताकडं बघत राहिला.

"माझ्या जागी कोण बसवला बे?" सुग्रीव ओरडला. "कोण हाय हा हारगिळे? किती पोरं हायत त्याच्याकडं?"

"अण्णा, तो माणूस न्हाई. खेळातला राक्षस हाय."

"राक्षसाला पयल्या नंबरावर घेतलं आन मला काढलं?"

तेवढ्यात दादा आले. सुग्रीवनं फोन करून बोलावलं होतं, न्याय समोर व्हावा म्हणून. सटवानं प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. दादा बसले आणि मोबाईल बघू लागले. दादांनी आयुष्यात कुणावर हात टाकला नव्हता. ते फक्त उपस्थित राहत.

फ्लेक्सच्या कोपऱ्यांत दोरी ओवायला पितळी रिंगा बसवतात. त्याचं मशीन शेडच्या कोपऱ्यात उभं होतं, लांब दांड्याचं. दांडा दाबला की वरचा जाड खिळा फ्लेक्समधून आरपार जातो आणि रिंग दोन्हीकडून घट्ट बसते. सुग्रीवनं आदिनाथचा उजवा हात धरून त्या खिळ्याखाली ठेवला. सटवानं मनगट दाबलं, शहादेवनं दंड.

"लई बॅनर टांगलेस. आज तुलाच चौकात टांगतो. चार कोपऱ्यांला चार रिंगा."

"अण्णा, डावा घ्या."

"कावून?"

"उजव्यानं काम करतो मी. माऊस, चित्रं, समदं ह्याच हातानं. हा गेला तर दुकान गेलं."

"म्हणून तर," सुग्रीव म्हणाला आणि दांडा दाबला.

पहिली रिंग अंगठा आणि बोटाच्या मधल्या कातडीत बसली. नवं कापड टरकावावं तसा बारीक आवाज झाला. रक्त लगेच आलं नाही; आधी रिंगेतून पलीकडची फरशी दिसली, मग रक्त आलं. काम मात्र सफाईचं झालं होतं, मशीन नवं होतं. आदिनाथ ओरडला तेव्हा बाहेर बाभळीखालच्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या.

"ही कोपऱ्यातली झाली," सुग्रीवनं त्याचा पंजा सरकवत तळहाताचा मध्य खिळ्याखाली आणला. "आता हाडातली."

दादांनी मोबाईलवरून नजर न काढता विचारलं, "लई वेळ लागंल का?"

फ्लेक्सच्या दुकानात सत्काराचं सामानही विकायला असतं. बबितानं शेडमधल्या फळीवरून एक शाल ओढली, नारळ घेतला, प्लास्टिकचा हार घेतला. शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन करणाऱ्या मुलीचा आवाज तिच्या घशात अजून शिल्लक होता.

"आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष," ती म्हणाली, "शिरूर तालुक्याचे भूषण, युवकांचे हृदयस्थान, सन्माननीय अमरसिंहदादा यांचा आपण शाल, श्रीफळ आणि पुष्पहार देऊन यथोचित सत्कार करीत आहोत."

दादांचा मोबाईल खिशात गेला. ते उठून उभे राहिले. का उठलो हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शाल अंगावर पडली, हार समोर आला आणि मान आपोआप वाकली. बबितानं फोन समोर धरला.

"दादा, हिकडं बघा. हसा. एक मिनिट, नीट दिसंना."

दादा हसले आणि तसेच थांबले.

"फोटोसाठी मान्यवरांनी दादांच्या बाजूला यावं. श्री. शहादेवभाऊ!" शहादेवनं आदिनाथचा दंड सोडला, केस सारखे केले आणि दादांच्या उजवीकडं जाऊन उभा राहिला. "श्री. सटवाभाऊ!" सटवानं मनगट सोडलं आणि रक्ताचा हात पँटला पुसत डावीकडं गेला. "आणि काही कारणानं येऊ न शकलेले, सन्माननीय हारगिळे अण्णा!"

सुग्रीव मशीनच्या दांड्याला हात लावून उभाच होता. त्यानं थोडा वेळ वाट बघितली.

"माझं नाव?"

"अण्णा, बॅनरवर न्हाई, म्हणून घेतलं न्हाई," बबिता म्हणाली.

शहादेव हसला. अगदीच थोडं हसला, पण दादांच्या उजवीकडं उभं राहून हसला. ती जागा सुग्रीवची होती.

कुदळीचा दांडा शहादेवच्या कानशिलावर बसला. शहादेव गुडघ्यावर आला आणि त्यानं सुग्रीवच्या मांडीचा लचका दातानं तोडला. सटवा सोडवायला गेला, त्याच्या नाकावर सुग्रीवचं डोकं आपटलं, नाक एका गालाकडं गेलं ते पुन्हा मधे आलं नाही. मग सोडवणं संपलं. फळीवरची सन्मानचिन्हं खाली आली. काचेचा जीवनगौरव सटवानं सुग्रीवच्या टाळूवर फोडला. समाजभूषण लाकडी होता, तो फुटला नाही, म्हणून शहादेवनं तो पुन्हा पुन्हा वापरला. पत्र्यावर रक्ताचे शिंतोडे उडत होते. मधोमध दादा शाल पांघरून, मान किंचित वाकवून, कॅमेऱ्याकडं बघून हसत उभे होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सटवाचं रक्त उडालं तेव्हा त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "निघाला का?"

"हलू नका दादा. हलला की खराब येतो."

सुग्रीवच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, तरी त्याला आदिनाथ आठवला. आदिनाथ हात छातीशी धरून मशीनमागं सरकत होता. सुग्रीवनं झेप घेऊन त्याचं मनगट पुन्हा पकडलं आणि पंजा खिळ्याखाली आणला. दुसरा हात दांड्यावर गेला.

सिदूनं फाटक्या ओठांनी आवाज दिला. मेंढरं वळवायला देतात तो, नेहमीचाच. ओठ फाटल्यानं तो जरा ओला आला एवढंच. पण मेंढरांनी समजून घेतलं. दार मोडलेलंच होतं. सगळा कळप शेडमध्ये शिरला, आणि सगळ्यात पुढच्या एडक्यानं, वाटेत जे आलं ते सुग्रीवचे गुडघे असल्यानं, तिथं डोकं घातलं. सुग्रीव आडवा होत मशीनवर पडला. आदिनाथनं हात ओढून घेतला. दांडा खाली आला होता, तो सुग्रीवच्याच वजनानं, आणि खिळ्याखाली आता सुग्रीवचा कान होता. रिंग कानाच्या वरच्या पाळीत बसली, भिकबाळीच्या जागी.

"माझी मेंढरं," सिदू दात नसलेल्या जागेतून म्हणाला, "पळत न्हाईत म्हणलं होतं."

बबितानं फोटो काढला. दादा हलले, मान सरळ केली आणि पहिल्यांदाच आजूबाजूला बघितलं. तिघं रक्तात लोळत होते, मेंढरं त्यांच्यावरून जात होती, एक कोकरू बॅनरचा तुकडा खात होतं.

"काय झालं हे?" दादांनी विचारलं.

सरकारी दवाखान्यात आदिनाथची रिंग कापून काढली. हाड वाचलं होतं. तो तिथूनच पोलीस ठाण्यात जाणार होता. पण दादा दवाखान्यात हजर झाले, कॉटवर बसले, त्याचा बँडेजचा हात हातात घेतला.

"तक्रार-बिक्रार कशाला? पोरं हायत, भांडली. तुझा सत्कार करू."

"मला सत्कार नको, दादा. मी स्टेजवर आलो तर कुणी केलं ते सांगणार."

"सांग की. माईक देतो."

आदिनाथनं ठरवलं की खरंच सांगायचं. बबितालाही तसं सांगून ठेवलं. सभा चौकात झाली. बॅनरवर आदिनाथचा फोटो होता, खाली 'संघर्षयोद्धा' लिहिलेलं, आणि शुभेच्छुकांच्या ओळीत सुग्रीव पहिला. दोन नंबरला हारगिळे अण्णा तसेच होते. लोकांना सवय झाली म्हणून दादांनी ठेवायला सांगितले. शाल घालायला सुग्रीवलाच पाठवलं. कानाला पट्टी, टाळूला टाके. तो शाल घेऊन समोर आला, आणि आदिनाथची मान वाकली. नारळ त्याच्या दुखऱ्या हातात दिला तेव्हा टाका उसवला आणि नारळावर रक्त आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आदिनाथ माईकजवळ गेला.

"सन्माननीय अमरसिंहदादा," तो म्हणाला, "सन्माननीय सुग्रीवअण्णा, सन्माननीय शहादेवभाऊ..."

नावं संपली तेव्हा वेळही संपली होती. एकही नाव राहिलं नव्हतं. मानाचा क्रमही चुकला नव्हता.

पुढच्या रविवारी खेळ पुन्हा बसला. दाराला नवीन पत्रा ठोकला होता. सिदूनं फासा तळहातावर खेळवला. खेळात त्याला एकच पाय होता आणि हारगिळ्या समोर उभा होता. आदिनाथ उन्हाळ्यातही अंगावर शाल घेऊन बसला होता. हाताचं बँडेज त्यानं मांडीवर असं ठेवलं होतं, की आलेल्या माणसाला ते आधी दिसावं.

"सुरू कर," सिदू म्हणाला.

आदिनाथनं घसा साफ केला, शालीचं टोक सारखं केलं.

"आधी जरा प्रास्ताविक झालं असतं कुणाचं तर," तो म्हणाला.

सिदूनं बबिताकडं बघितलं. बबितानं मान तिरकी केली, गळ्यापासून खांद्यापर्यंतचं माप घेतलं. मग ती उठून उभी राहिली.

"शिरूर तालुक्याचे संघर्षयोद्धे," ती म्हणाली, "सन्माननीय आदिनाथभाऊ!" आणि तिनं फोन समोर धरला. "भाऊ, हिकडं बघा. हसा."

आदिनाथची मान वाकली.

"मी घाव घालतो," सिदू हळूच म्हणाला आणि त्यानं फासा टाकला. फासा फरशीवरून गरगरत गेला आणि मशीनच्या पायाशी थांबला. किती पडले ते बघायला आदिनाथनं मान वळवली नाही. फोटो अजून निघायचा होता.